निळी की तांबडी

लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" असं दिवसभर विचारणारा चष्मेवाला सलग चौथ्या रविवारी काकूंच्या गॅरेजमध्ये उकिडवा बसला होता. समोर काकूंनी विकायला काढलेल्या दोन जुन्या जपानी रेसर सायकली होत्या, एक निळी आणि एक तांबडी. आयुष्यातली पहिली रेसर घ्यायची तर पारखूनच, असा त्याचा पण होता. पण निळीची फ्रेम पिसासारखी हलकी, तर तांबडीचे गिअर लोण्यासारखे मऊ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"काकू, चाळीस वर्षांत टायर वाळून तडकलेत, पण नक्षी जशीच्या तशी! काकांनी फारच जपून चालवल्या हो."

"चालवतायत कसल्या! ह्यांचंही तुमच्यासारखंच. एक ठरेना म्हणून दोन्ही घेऊन आले. मग रोज ऑफिसची बॅग खांद्याला लावून इथे उभे. आज निळी की तांबडी? ठरेपर्यंत साडेनऊ वाजायचे. आता रिटायर झाले, सुटले बिचारे."

चष्मेवाला ओशाळून हसला. पुन्हा एकदा निळीकडे बघितलं, तांबडीकडे बघितलं. मग हात झटकून ताडकन उठला.

"ठरलं, काकू. दोन्ही द्या!"

काकू आत गेल्या आणि कडा झिजून पार विरलेलं एक चामडी पाकीट घेऊन आल्या.

"हेही घेऊन जा, सायकलींवर फुकट. ह्यांच्या बसच्या पासचं आहे. लागेल तुम्हाला."