तांब्या धरलेले हात

भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्याच घरात सिनेमा काढला होता, नवराबायकोचं बोलणं तुटलेल्या एका घराचा. आमची सहा वर्षांची दीपमाला त्यातल्या बापाला पाण्याचा तांब्या आणून द्यायची. भूकंपात घर गेलं, पोर गेली, तिचा एकमेव फोटोही ढिगाऱ्यात गेला. वर्षभरानं लातूरला तो सिनेमा दाखवणार कळल्यावर आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमधून निघालो. पडद्यावर आमची चौकट आली, तांब्या आला, तो धरलेले हात आले. चेहरा आलाच नाही. सिनेमा संपल्यावर यांनी दिग्दर्शकाला गाठलं. "साहेब, आमच्या पोरीचं तोंड कुठं हाय?" तो ओशाळला. "बजावूनही तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. कापावं लागलं." परतीच्या एसटीत हे एकदाच बोलले, "कामून बघितलं असंल पोरीनं?" कॅमेऱ्यामागून मीच तिला खुणावलं होतं, "इकडं बघ, चेहरा नीट येऊ दे."