तपासलं, ठीक आहे

गुरुवारी दुपारी ताईला धाकटीच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिला हायसं वाटलं.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच ऑफिसात. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांतून बाळांच्या नोंदी यायच्या. कोणी तारीख उलटी लिहायचं, कोणी एकच बाळ दोनदा पाठवायचं. त्या नोंदी साफ करून, जुळवून, आज कोणत्या बाळाला लस द्यायची याची यादी नर्सना पाठवायची, हे ताईच्या प्रोग्रॅमचं काम. सात वर्षं तो सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि दहाला यादी द्यायचा. धाकटीला तिनेच शब्द टाकून इथे चिकटवलं होतं. धाकटीने चार महिन्यांत सगळं नव्याने लिहिलं. नोंदींचे गठ्ठे पाडले, सगळे गठ्ठे एकाच वेळी कामाला लावले, आणि सहा वाजून नऊ मिनिटांनी यादी तयार.

आई फोन लावून लावून सांगत होती, चार तासांचं काम आमच्या धाकटीने नऊ मिनिटांवर आणलं म्हणून. ते चार तास कोणाचे होते, हे एकाही मावशीने विचारलं नाही. ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची तिने तीनदा घडी घातली.

नवा प्रोग्रॅम सुरू करण्याआधी तपासून द्यायचं काम ऑफिसच्या मॅडमनी ताईवरच सोपवलं. धाकटीनेच तसं सुचवलं होतं. ताईच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणाली. ती मनापासून बोलली होती, आणि ताईला तेच जास्त लागलं. तीन दिवस ती ओळ न् ओळ वाचत राहिली. जितकं वाचलं तितका जीव जळत गेला. सोपं होतं सगळं. सात वर्षांत आपल्याला सुचायला हवं होतं, इतकं सोपं.

आणि मग ती ओळ आली. आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखी असेल, तर एकच बाळ दोनदा आलंय असं समजायचं आणि एक नोंद काढून टाकायची. बाळाचं नाव धाकटीने धरलंच नव्हतं, कारण इतक्या लहान बाळांना नाव ठेवलेलंच नसतं. म्हणजे जुळ्यांमधलं एक गळणार. ताईचा प्रोग्रॅम जन्माची वेळ आणि वजनही एकेका नोंदीशी ताडून बघायचा. त्याचे चार तास त्यातच जायचे.

तिने चूक लिहायला पेन उघडलं. पलीकडच्या टेबलापाशी धाकटी हसत हसत कोणाला तरी काही समजावत होती, भोवती चार-पाच जण उभे. ताईने पेनला टोपण लावलं. होऊ दे सोमवारी सगळ्यांसमोर फजिती, असं तिने ठरवलं, आणि तपासणीच्या रकान्यात टाइप केलं, 'तपासलं, ठीक आहे.'

सोमवारी टाळ्या झाल्या. ताईनेही वाजवल्या. मग जागेवर येऊन तिने आपला प्रोग्रॅम कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर चालू केला, फक्त बघायला म्हणून. दुपारी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. नव्या यादीत तीन बाळं कमी होती. त्यातल्या एकाचं जन्माचं वजन होतं एक किलो नऊशे ग्रॅम. त्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मग बाहेर जिन्यात गेली आणि त्या तिघांच्या दवाखान्यांतल्या नर्सना फोन करून सांगितलं, यादीत जुळ्यांमधलं एक बाळ राहिलंय, त्यालाही आजच टोचा.

मंगळवारी दोन निघाली. बुधवारी चार. रोज जुना प्रोग्रॅम, रोज जिन्यातून फोन. व्हायची ती फजिती झालीच नाही. ताई स्वतःच ती होऊ देत नव्हती. महिनाअखेरीला मॅडमनी जाहीर केलं की नव्या यादीतून एकही बाळ सुटलेलं नाही, आणि धाकटीला बढती दिली. ताईच्या अंगाची लाही लाही झाली. ही बढती तिच्या फोनांची होती, आणि ते कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटी तिच्या टेबलाशी आली.

"ताई, कोपऱ्यातल्या मशीनवर तुझा जुना प्रोग्रॅम अजून चालतोय. रोज चार तास अडकून पडतं ते. बंद करू ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. उद्यापासून बाळं सुटली असती, आणि सगळ्यांची बोटं धाकटीकडे गेली असती. ताईने खण उघडून वही काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

"ही बघ. तुझ्या यादीतून गळलेली. सगळी जुळ्यांमधली."

धाकटी उभ्याउभ्याच वाचायला लागली. एकसष्ट बाळं होती. प्रत्येकापुढे तारीख, दवाखाना, कोणत्या नर्सला किती वाजता फोन केला ते. शेवटपर्यंत वाचून ती पुन्हा पहिल्या पानावर आली.

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं तुला?"

"त्याच्या आधीच्या गुरुवारी."

धाकटीने मान वर केली नाही. पानावरची घडी तिने अंगठ्याने हळूच सरळ केली.

"इतक्या नर्सना फोन केलेस, ताई," ती म्हणाली. "मी तर पलीकडच्याच टेबलावर होते."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. ताईला त्याचाही हेवा वाटला.