चौथा डबा

"फोन आत घाल, बाबा. अजून आत. भोकांच्या कडा नीट दिसू देत."

पंढरीनाथांनी फोन डब्यात घातला आणि त्यापाठोपाठ स्वतःही अर्धे वाकले. तिकडे कोबेच्या होस्टेलमध्ये बसून पूर्वी, त्यांची लेक, असं निरखून बघत होती की, जणू पूल उभारला जातोय आणि खाली सही तिची आहे. डबा प्लास्टिकचा, पारदर्शक, होम सेंटरमधून आणलेला. आठवड्यातला तिसरा.

गेल्या रविवारी उदोन काचेच्या पेटीतून निसटली आणि वॉशिंग मशीनच्या मागे सापडली, तेव्हापासून हे सुरू होतं. उदोन म्हणजे पूर्वीने पाळलेली सापीण. केशरी, बिनविषारी, दोन हात लांब. होस्टेलमध्ये प्राणी चालत नाहीत, म्हणून जपानच्याच दुसऱ्या शहरात, त्सुकुबात, बाबांच्या गळ्यात पडलेली.

पहिल्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यात ढिलं निघालं. दुसऱ्याला पंढरीनाथांनी सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडली ती बाहेरून आत. वितळलेल्या प्लास्टिकचे काटे आतल्या बाजूला आले. उदोनचं पोट सोलून निघालं असतं. तीस वर्षं प्रयोगशाळेत व्हॅक्यूम चेंबर सांभाळलेला हा माणूस. हवा आत शिरू नये यातच त्यांचा जन्म गेला होता. हवा आत यावी म्हणून भोकं पाडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"या वेळी आतून बाहेर पाडलीस ना?"

"हो. बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत आहेत."

"केवढी?"

"तिचं डोकं जाणार नाही एवढी."

"खटके लाव. आता झाकण वर ओढ. जोरात."

पंढरीनाथांनी ओढलं. झाकण निघालं नाही, अख्खा डबाच उचलला गेला. आत पाण्याची वाटी होती, लपायला दह्याचा उपडा डबा होता, त्याला कापून दार केलेलं होतं. उदोन केव्हाच त्यात शिरली होती, शेपूट तेवढी बाहेर राहिली होती. ऊब देणारी मॅट तळाच्या एका टोकाखाली, तिसऱ्या हिश्श्यापुरतीच. दुसरं टोक गार. बाईसाहेबांना जिकडे हवं तिकडे बसता यावं.

"सुगोई!" पूर्वी ओरडली. "बाबा, परफेक्ट! आता काहीच बदलायचं नाही."

पंढरीनाथांची कळी खुलली. घरात असं कौतुक कोण करतंय?

"मग आता रोज फोटो नको पाठवूस हं," ती म्हणाली. "तिने खाल्लं की एक मेसेज टाक फक्त. आठवड्याने वगैरे."

"बरं. तू जेव..."

"बाबा, बाइतो आहे माझा, शिफ्टला उशीर होतोय. बाय!"

पडदा काळा झाला. जेवलीस का, हे विचारायचं राहूनच गेलं.

पंढरीनाथ डब्याशेजारी जमिनीवरच बसून राहिले. बायको सुप्रभा पुण्यात, तिच्या आईच्या मोडलेल्या खुब्यापाशी, चार महिने झाले. तिचा फोन रोज यायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचा आणि ठेवला जायचा. लेकीचा तर यायचाच नाही. तिच्याकडून यायची मेसेजमधली स्टिकरची अस्वलं. हसणारं अस्वल, झोपलेलं अस्वल, अंगठा दाखवणारं अस्वल. बाप काहीही लिहो, उत्तराला अस्वल हजर.

डब्यांच्या या आठवड्यात मात्र तिचे पाच फोन आले. रागावून आले, वैतागून आले, पण आले. काट्यांच्या डब्यावरून तर तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि ओरडून झाल्यावर स्वतःहूनच आपल्या प्राध्यापकांची नक्कल करून दाखवली होती. पंढरीनाथ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. त्यानंतर कितीतरी वेळ घर रिकामं वाटलं नव्हतं.

"तुझं बरं झालं," ते उदोनला म्हणाले. तिने शेपूटही आत ओढून घेतली.

मग ते उठले. गाडी काढली, होम सेंटर गाठलं आणि तसाच आणखी एक डबा घेऊन आले. आतून बाहेर, सरळ ओळीत, एकसारखी भोकं पाडली. आता त्यांचा हात झोपेतही चुकला नसता. खटके तपासले. काचेच्या पेटीची जुनी, मोठी मॅट कपाटात पडून होती, ती काढली आणि डब्याखाली लावली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, तळाचा एक कोपराही मोकळा न सोडता. या डब्यात उदोनला ते चुकूनही ठेवणार नव्हते. मॅटची वायर त्यांनी प्लगला जोडलीसुद्धा नाही.

डबा उलटा करून त्यांनी फोटो काढला आणि खाली लिहिलं, "साफसफाईच्या दिवशी लागेल म्हणून आणखी एक करून ठेवलाय. बरोबर आहे ना?"

चहा केला. तो प्यायला. फोन टेबलावर मधोमध ठेवला.

सात वाजता लेकीची शिफ्ट संपली. सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा! अख्ख्या तळाखाली मॅट? भाजून निघेल ना ती! एवढं शंभर वेळा सांगितलं, तरी तू..."

पंढरीनाथांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ऐसपैस बसले.

"माझ्या डोक्यात काही राहत नाही बघ," ते म्हणाले. "तू असं कर, सगळं पहिल्यापासून सांग. सावकाश."