दोन सीटांची गाडी

"रंग कोणता होता?"

"लाल."

"कसा लाल?"

पोरगं छताकडं बघत राहिलं. भाजून आवळलेल्या चेहऱ्यावर फक्त ओठ हलले. "वाळल्या मिरचीसारखा."

"शाब्बास!" आबारावचा जीव भांड्यात पडला. "अन् गावात आणली तव्हा पहिल्यांदा कुठं उभी केल्ती?"

"मारुतीसमोर."

"बराबर. तूच केल्ती."

जालन्याहून येताना ती गाडी उलटली आणि पेटली, त्याला आता सात-आठ महिने होत आले. आत दोघंच होते. आबारावचा आदिनाथ आणि त्याचा कॉलेजातला जिवलग कल्याण. कल्याण गेला. हा वाचला, पण चेहरा गेला, पायाची बोटंही भाजून गेली, धुरानं आवाज बसला आणि मागचं सगळं पुसून गेलं. स्वतःचं नावही त्याला सांगावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, "ज्या गोष्टीत त्याचा जीव होता, तीच पुन्हापुन्हा सांगा. आठवलं तर त्यातूनच आठवेल."

आदिनाथचा जीव कशात होता ते साऱ्या आष्टीला ठाऊक होतं. म्हणून आबारावनं आपल्या कापसाच्या जिनिंगकडं ढुंकून बघणं सोडलं. सकाळचा चहा झाला की खाटेजवळ खुर्ची ओढायची आणि गाडी सुरू करायची. बावीस वर्षांच्या पोराची पहिली स्पोर्ट्स कार! वेशीतल्या गतिरोधकावर तिचं पोट अडकलं, तर गड्यांनी लग्नातल्या नवरदेवासारखी उचलून पलीकडं ठेवली. चाकाखाली लिंबू ठेवायला आदिनाथच्या आईला, सुगंधाबाईला, जमिनीवर बसावं लागलं. म्हातारे तातेराव गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "आबाराव, एवढा खर्चा करून दोनच सीटा? आमच्या बैलगाडीत सात माणसं बसतेत!"

हे सांगताना आबाराव हसायचा. पोरगं हसायचं नाही. पाढे घोकावेत तसं घोकायचं, आणि विचारलं की म्हणून दाखवायचं.

"मला बाकी काही नको," आबाराव बायकोला म्हणायचा. "एकदा त्यानं आपणहून मला अण्णा म्हणावं. न सांगता. मंग मी मेलो तरी चालंल."

"असं वंगाळ बोलू नगा," सुगंधाबाई म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची.

त्या दिवशी दुपारी सत्यशीला आली. कल्याणची आई. केदारखेड्याहून दोन बसा बदलून ती महिन्यातून एकदा यायची. नवरा आधीच गेलेला, लेक त्या गाडीत गेला. खरं तर तिनं या घराचं तोंड बघायला नको होतं. पण ती यायची, पिशवीत धपाटे घेऊन.

"माझा गेला तो गेला, भाऊ," ती म्हणायची. "तुमचा तरी उठून चालाया पाहिजे. त्याला बघितलं की जरा थंड वाटतं."

ती आली की आबाराव खाटेजवळून हलायचा नाही. पाणी आणायलाही उठायचा नाही. त्या बाईपुढं त्याची मान वर व्हायची नाही, हे सुगंधाबाईला दिसत होतं. आपला वाचला आणि तिचा गेला, याची लाज तिलाही वाटायची.

पोरानं सत्यशीलेचे धपाटे मुकाट्यानं खाल्ले. दोन संपवले, तिसऱ्याला हात घातला.

"बघा ताई," सुगंधाबाई म्हणाली, "माझ्या हातचे दोन घास जात न्हाईत, अन् तुमचं पोटभर खाऊन राह्यला."

"आजाऱ्याच्या तोंडाला बदल लागतो, बाई," सत्यशीला म्हणाली.

सुगंधाबाई चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात पोरगं बोललं.

"गाडी आठवली मला."

आबाराव खुर्चीतून अर्धा उठला. "काय? काय आठवलं?"

"मी डावीकडं बसलेलो. खिडकीतून हात बाहेर काढल्ता."

"न्हाई!" आबाराव एवढ्यानं ओरडला की पोरगं दचकलं. "डावीकडं न्हाई. उजवीकडं. स्टेअरिंग तुझ्या हातात. तुझी गाडी व्हती ती, तुझी! म्हण. उजवीकडं."

"उजवीकडं," पोरगं म्हणालं.

"भाऊ, कशाला चिडता लेकरावर?" सत्यशीला म्हणाली. "डावीकडं माझा कल्याण बसायचा. मित्राचं मनात राहिलं असंल त्याच्या."

ती खाटेच्या कडेला सरकली आणि चादरीवरून त्याच्या गुडघ्यावर हात फिरवू लागली. "आठवंल राजा. सगळं आठवंल. जल्दी कशाला करायची?"

पोरानं डोळे मिटले. मग त्या बसक्या आवाजात म्हणालं, "माय..."

आत भांडं पडलं. सुगंधाबाई धावत बाहेर आली. "मला हाक मारली! अहो, ऐकलं का? न सांगता हाक मारली त्यानं!" तिनं पोराला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

सत्यशीला बाजूला झाली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "लई बरं झालं."

आबाराव तेवढा रडला नाही. "ताई, तुमची बस चुकंल," म्हणत त्यानं तिची पिशवी उचलली आणि चहाही घेऊ न देता तिला स्टँडवर आणलं. बसच्या पायरीवर चढून सत्यशीलेनं मागं वळून हात जोडले. "भाऊ, देवानं तुमचं लेकरू तुम्हाला परत दिलं. सांभाळा त्याला."

बस गेली तरी आबाराव तिथंच उभा राहिला. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांच्या आधी तोच पोचला होता. दोन खाटांवर एकाच चणीची दोन पोरं होती, चेहरे ओळखू न येणारी. एकाचा श्वास नुकताच थांबला होता, दुसऱ्याचा चालू होता. डॉक्टरनं विचारलं, "यातला तुमचा कोणता?" आबारावनं पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून आपल्या लेकाला बिलकुल बराबर ओळखलं होतं, आणि बोट दुसऱ्या खाटेकडं केलं होतं.