पडद्याखालची अक्षरं

जपानी सिनेमा सुरू झाला, तरी वसुधाताईंनी तोंड उघडलं नाही. एरवी फिल्म क्लबात पडद्याखालची बारीक इंग्रजी अक्षरं नवऱ्याला दिसत नाहीत म्हणून त्या कानात मराठीत सांगत. पण आज सकाळी गोविंदरावांनी मेहुणीसमोर आमटीला नावं ठेवली, वसुधाताईंनी त्यांच्या घराण्याचा उद्धार केला आणि अबोला सुरू झाला.

सिनेमात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पहिली संपून दुसरी लागली, तरी गोविंदराव पहिल्याच बाईला शोधत होते. शेवटी वसुधाताईंना राहवेना.

“ही वेगळी बाई आहे,” त्या कुजबुजल्या.

“काय म्हणतेय?”

पडद्यावरची बाई एकटीच मुकाट्याने शेवया खात होती. खाली एकही अक्षर नव्हतं.

“म्हणतेय, सकाळी मी जरा जास्तच बोलले.”

तिसऱ्या गोष्टीत एक म्हातारा स्टेशनच्या खिडकीशी वाकून काहीतरी बोलला, तसे गोविंदराव बायकोकडे झुकले.

“हा म्हणतोय, आमटी चांगली झाली होती.”

‘पुढची गाडी किती वाजता?’ वसुधाताईंनी पडद्याखाली वाचलं.

“अगदी बरोबर वाचलंत,” त्या म्हणाल्या.