हक्कसोड

केळकर वकीलबाईंनी कागद टेबलावर सरळ केला आणि समोर बसलेल्या म्हातारीला म्हणाल्या, "आजी, सावकाश वाचते. कळलं नाही तर थांबवा."

हौसा घरत खुर्चीच्या कडेवर बसली होती. एका बाजूला तिचा भाचा कल्पेश, दुसऱ्या बाजूला त्याचं घर विकत घेणारी भावना. वाचन सुरू झालं. "सदर मिळकतीमधील माझा अविभक्त हिस्सा व त्यावरील सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध मी राजीखुशीने..." पोथी ऐकावी तशी हौसा मान हलवत होती.

भावनाने वकील पारखून घेतला होता. एजंटच्या वकिलाने फाइल न उघडताच 'टायटल क्लिअर' म्हटलं, तेव्हा ती तिथून उठूनच आली. केळकरबाईंची फी जास्त, बोलणं तुटक. पण त्यांच्या नजरेखालून गेलेला कागद पुढे कोर्टात जात नाही, असं पनवेलमध्ये तिला तिघांनी सांगितलं. आणि खरंच, जुन्या नोंदींतून बाईंनी एक ओळ शोधून काढली. घर बांधणाऱ्या आनंदा घरतला एक मुलगा होता आणि एक मुलगी. "मुलगा वारला, त्याचा हा कल्पेश," बाई म्हणाल्या होत्या. "मुलगी कुठाय? तिने हक्क सोडल्याशिवाय घर घेतलंत तर उद्या ती दारात उभी राहील."

मुलगी घरातच होती. करंजाड्यातलं ते घर बघायला भावना दोनदा गेली, तेव्हा मागच्या खोलीतून येऊन पाणी देणारी म्हातारी. भावनाला ती कामवाली वाटली होती.

"समजलं?" वाचून झाल्यावर वकीलबाईंनी विचारलं.

"नाय," हौसा म्हणाली.

कल्पेश खाकरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "या घरात तुमचा वाटा आहे. तो तुम्ही भाच्याला देऊन टाकताय. मग तो घर या ताईंना विकणार."

"मना वाटा कशाला? भावाचं घर, त्याच्या पोराचंच ते." हौसाने हात झटकला. "पन माजी खोली?"

"खोली तुजीच गो आत्ये," कल्पेश लगेच म्हणाला.

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्या भावनाकडे वळल्या आणि इंग्रजीत बोलू लागल्या. खरेदीखतात महिनाभरात पूर्ण रिकामा ताबा द्यायचं ठरलं आहे. म्हातारीला तिच्या हयातीपर्यंत खोलीत राहू द्यायचं असेल, तर तसं एक कलम घालता येईल. पाच मिनिटांचं काम आहे. "मी तुमची वकील आहे, त्यांची नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

भावनाने मागच्या खोलीचं माप घेऊन ठेवलं होतं. अकरा वर्षांत सहा भाड्याची घरं झाली होती, आणि सहाही घरांत तिच्या लेकीने, मनस्वीने, जेवणाच्या टेबलावर अभ्यास केला होता. त्या खोलीच्या खिडकीखाली तिचं टेबल नेमकं बसत होतं. रंगसुद्धा मनस्वीनेच निवडला होता. येताना गाडीत, आत्या मागे पेंगत असताना, कल्पेश हळूच म्हणाला होता, "तिची सोय लावतो कुठेतरी." कुठे, ते भावनाने विचारलं नव्हतं.

"कागद आहे तसाच राहू द्या," ती म्हणाली. इंग्रजीतच.

हौसा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने सरळ भावनाचं मनगट धरलं. "बाय, घर तू घेतंस ना? मंग तू सांग. या पोराचा काय भरोसा नाय. तू बाईमानूस हाईस, तू खोटं बोलाची नाईस. खोली माजी ना?"

कल्पेशने मोबाइल काढला. भावनाला वाटलं, वकीलबाई काहीतरी बोलतील. त्यांनी शाईचा पॅड जवळ ओढला.

मनस्वीला लहानपणी इंजेक्शन द्यायचं असलं की भावना जो आवाज काढायची, तो तिच्या तोंडून आपसूक आला. "हो आजी. खोली तुमचीच."

"मंग झालं."

वकीलबाईंनी पॅड उघडला. हौसाचा अंगठा नीट उमटेना. वर्षानुवर्षं राखेने भांडी घासून त्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. बाईंनी दोनदा पुसून पुन्हा दाबून घेतला. तिसऱ्यांदा ठसा उमटला. समोरच्या नोंदणी कार्यालयात त्यांचा नंबर यायला अजून वेळ होता. कल्पेश गाडी सावलीत लावायला खाली गेला.

हौसाने अंगठा लुगड्याला पुसला. मग कमरेची गाठ सोडली, आतून एक पितळी चावी काढली आणि भावनाच्या तळहातावर ठेवली.

"माज्या खोलीची दुसरी चावी. कल्पेशला नाय दिली, तुला देतंय. मी येकली. येखादे सकाली दार उघडलं नाय, त तोडू नको. नवं हाय दार. हिनी उघड."

भावनाची बोटं काही मिटेनात. हौसानेच ती एकेक करून मिटवली आणि वर दोनदा थोपटलं.

वकीलबाई कागद फाइलमध्ये लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "चला. ताबाही मिळाला."