नाव ठेवायला जागा

धाकटी जाऊ प्रेरणा मुंबईहून जहाजानं गोव्याला निघाली, आणि हर्सूलला आठवडाभर न आलेल्या नळाच्या पाण्याची वाट बघत रिकाम्या पिंपांशेजारी बसलेल्या मंजुषाच्या मोबाइलवर व्हिडिओ येऊन पडू लागले.

वरचा डेक दिसला. "उन्हात काळी ठिक्कर पडंल," मंजुषा फणकारली. झुंबरांखालचं जेवण दिसलं. "त्याला चव तरी असंल का?" मऊ गाद्यांची खोली तर तिला खुराडंच वाटली.

"एवढं जळायचं तर बघतीस कशाला?" नवरा म्हणाला.

"मी नाय जळत!"

शेवटी प्रेरणा बाथरूममध्ये शिरली. नळ मोकळा सोडून आरशात निवांत केस सावरत राहिली. मंजुषानं तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. मग दात-ओठ खात लिहिलं,



"जहाजावर आज पाण्याचा दिवस होता वाटतं!"